वहाणेवरचा आळ

आमच्या हौशीरामला वहाणेनं खाल्लं, असं कुरवंड्यात आजबी सांगत्यात. साफ खोटं हाय ते. आन् ते खोटं हाय हे मला पयल्या दिसापासनं ठाऊक हाय.

हौशा आन् मी तालमीतली जोडी. तालीम म्हंजी मारुतीच्या देवळाला लागून एक कुडाची खोली, आत ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती. वस्ताद कोंडाजीबाबा. त्यांना एका शब्दाची लय चीड हुती, खाडा. एक दिस खाडा झाला की चाळीस दिसांची मेहनत वाया, असं ते म्हणायचे. हौशानं दसऱ्यापासनं एकबी खाडा केला न्हवता. पहाटं चारशे जोर, हजार बैठका, मग लोणावळ्यापातुर पळत जायचं आन् पळत यायचं. चैत्रात तळेगावच्या जत्रंत त्याची मोठी कुस्ती ठरली हुती.

माघात त्याचं लगीन झालं. बायकू बेडश्याची, नंदाबाई. सासऱ्यानं जावयाला करकरीत वहाणा दिल्या. नव्या वहाणंला आधी आठ दिस तेल पाजावं लागतं, पर हे येडं हौसेनं त्या घालूनच पळालं. दुसऱ्या दिशी टाचंवर बोराएवढा फोड.

नंदाबाई शहाणी हुती. तिनं सुई दिव्यावर लाल केली, गार हुऊ दिली, फोडाला कडंनं टोचून पाणी काढलं. वरचं कातडं तसंच ठेवलं आन् धुतलेली चिंधी बांधली. म्हणाली, चार दिस पळू नका, बसल्याजागी मुदगलासारखी लाकडी करेल फिरवा, हाताची मेहनत हुईल. मग दाराशी बसलेल्या माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, तुमी तरी सांगा त्यांला."

मी हसलो. कालची आलेली पोर पैलवानाला मेहनत शिकवतीया, असं मनात आलं. तालमीत गेल्यावर मीच ती चिंधी सोडली. म्हणलं, बायकी औषधं कशाला, हितं मारुतीची माती हाय. कातडं सोलून काढलं आन् मूठभर माती त्या उघड्या मांसात अंगठ्यानं दाबून बसवली. हौशा दात खाऊन म्हणाला, दाब अजून. आमच्यात समदे तेच करत्यात. खरचटलं, माती. सुजलं, माती.

सांजच्याला तो नंदाबाईकडनं धुतलेली चिंधी बांधून घ्यायचा, पहाटं मी ती सोडायचो, परत माती. असं पाच दिस. फोड वरनं सुकला. खाडा झाला न्हाई म्हणून कोंडाजीबाबांनी त्याची पाठ थोपटली, तवा मलाबी लय बरं वाटलं.

नवव्या दिशी त्याला भाकर चावंना. म्हणाला, जबडा धरलाय, थंडी असंल. दुसऱ्या दिशी दातखीळ बसली. मग पाठ अशी ताठली की गडी टाचंवर आन् डोक्यावर तोललेला, मधी अंथरूण मोकळं. कुणी भांडं आपटलं तरी झटका यायचा. चारशे जोर मारणारं अंग त्याचंच त्याला मोडत हुतं.

बैलगाडीत घालून लोणावळ्याला नेला. डॉक्टर म्हणाला, धनुर्वात. जखमंत काय घातलं हुतं, माती, शेण?

मी पुढंच उभा हुतो. हौशाची आई, कस्तुराबाई, म्हणाली, "काय न्हाई, साहेब. नवी वहाण लागली." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. सांगून हौशा वाचला नसता, डॉक्टर तसं बोललाच. पर मी गप बसलो ते त्यासाठी न्हाई, भ्यालो म्हणून.

तिसऱ्या दिशी हौशा गेला. बाराव्याच्या आत कस्तुराबाईनं त्या वहाणा चुलीत घातल्या आन् सून माहेरी धाडली. पांढऱ्या पायाची, बापानं पायातनं मरण धाडलं, असं बायाबायांत झालं. मी गाडी जुपून दिली. तेवढंच केलं मी, लाज वाटती सांगाया.

अठरा वर्सं गेली. ह्या कार्तिकात बेडश्याला गेलतो. नंदाबाई तिच्या भावाच्या खाचरात भात कापत हुती. केस पिकलेले. मी बांधावर बसून समदं बोललो, माती, अंगठा, समदं.

तिचा इळा थांबला न्हाई. म्हणाली, "ठाऊक हाय. चिंधी मी धुत हुते न्हवं रोज? माती निघायची." मग पेंढी बांधली. "मी बोलले असते तर कुणी ऐकलं नसतं, भाऊजी. तुमी बोलला असता तर ऐकलं असतं."

त्याच सांजंला तालमीत गेलो. कोंडाजीबाबा आता थकल्यात, तरी खांबाला टेकून बसत्यात. समद्या पैलवानांम्होरं मी सांगितलं, हौशाला वहाणेनं न्हाई मारलं, मी मारलं, ह्या मातीनं.

बाबांनी कानाला हात लावला. म्हणाले, "भिमाजी, सोन्यासारखा जोडीदार गेला म्हणून मारुतीरायावर आळ घिऊ नगं. ती बाईच वंगाळ हुती."

खाली मातीत एका पैलवानाचा गुडघा फुटला हुता. बाबांनी मूठभर माती उचलली आन् त्याच्यावर दाबली. मी त्यांचा हात धरला, तर त्या पैलवानानंच मला ढकलून दिलं.