दाखवायचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याला त्याच्या वाटचं ठाऊक आहे. माझ्या वाटचं फक्त मला.

गावच्या टाकीत औषधाची पावडर टाकायचं काम माझ्या नवऱ्याकडं. विहिरीचं पाणी बाधू नये म्हणून ती टाकतात, एवढं चौथी शिकलेल्या मलाही कळतं. पण बाया कुरकुरायच्या — चहाला वास येतो, डाळ शिजत नाही. मग तो टाकेनासा झाला. आळसही होता — खोटं कशाला सांगू?

नर्सबाई पाणी तपासायच्या ते आमच्याच घरी, टाकीला लागून घर म्हणून. काचेच्या नळीत आमच्या हंड्यातलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायच्या. पिवळं झालं की पावडर आहे. त्यांची स्कूटी वेशीत वाजली की मी काय करायची? हंड्यात चिमूटभर पावडर टाकायची. पाणी पिवळंधमक.

"काकू, तुमच्या गावाची काळजीच नाही बघा."

मी खाली मान घालून चहा ठेवायची. लाजरी बाई म्हणून सगळे ओळखतात मला — लाजण्याचा असाही उपयोग होतो.

त्या पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं. शेजारच्या शेवंताच्या पोरीला उलट्या-जुलाब सुरू झाले. धाराशिवला नेईपर्यंत पोर गेली.

पोरीचे दिवस झाल्यावर बाया शेवंताच्याच ओट्यावर बोलल्या, "शेणाच्या हातानं भाकरी देती लेकराला. दुसरं काय हुणार?" एकीनं माझ्याकडं बघितलं, "व्हय का न्हाय गं?"

मी "व्हय" म्हणाले. शेवंता आत, दाराआडच बसली होती.

तुम्ही म्हणाल, हिला धोका कळला नसेल. कळला नसता तर — पण कळला होता. ओढा चढल्या दिवसापासून मी माझ्या पोरांना पाणी उकळून देत होते. शेजारी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का उकळता, असं विचारलं असतं ना कुणी?

आता टाकीत पावडर पडते. शेवंता मात्र अजून राखेनं हात घासते, कातडी फुटेपर्यंत. परवा ओले हात माझ्यापुढं धरून म्हणाली, "आक्का, बघा की. निघालं का समदं?"

मी हात उलटेपालटे करून बघितले.

"निघालं," म्हणाले. काही नव्हतंच, असं नाही म्हणाले.