काना वाकतो

ऑफिसात तिला सगळे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे का ते गवंडी ओळंबा सोडून बघतो. ही नुसती नजर टाकून सांगायची. सगळी हयात अक्षरं काढण्यात गेली होती. 'ळ'च्या दोन पोटांत पांढरं किती ठेवायचं, यावरून ती जेवतानाही नवऱ्याशी वाद घाली. त्या बिचाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

शाळेच्या पुस्तकांसाठी नवा टाइप, म्हणजे छापायच्या अक्षरांचा नवा संच, काढणं चाललं होतं. एका सकाळी 'ग'चा काना, त्याची उभी रेघ, तिला मध्येच वाकलेला दिसला. तिने तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरळ केला. मग 'ण'चा, मग 'प'चा. तरी छापून आले की पुन्हा वाकडेच. तिने प्रिंटरला शिव्या घातल्या, मग कागदाला, शेवटी शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या नणंदेला.

"माझ्या फाइलींना हात कोणी लावला?"

नणंद चाचरली. "वहिनी, ते सरळच होते. तुम्हीच ढकललेत डावीकडे."

"डोळे फुटले का तुझे?"

संध्याकाळी तिने स्टीलची पट्टी नवऱ्यापुढे धरली. "ही वाकलीय ना?"

"नाचता येईना अंगण वाकडं!" तो हसला.

तिने डावा डोळा झाकला. पट्टी सरळ. उजवा झाकला. पट्टी वाकली, खिडकीचे गज वाकले आणि नवऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग आला. हसणं ऐकू येत होतं, तोंड नव्हतं.

ती कुणाला काही बोलली नाही. डोळे आलेत म्हणून सांगितलं, डाव्यावर कापूस चिकटवला आणि काम रेटत राहिली. एकदा तिने पाणी पेल्याऐवजी टेबलावर ओतलं, तेव्हा नवरा तिला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेला.

"आधी का नाही आलात?" डॉक्टरीण म्हणाली. "डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय. इंजेक्शनं देऊ. उरलंय ते टिकेल कदाचित. गेलंय ते गेलं."

"आणि उजवा?"

डॉक्टरीण लिहीत राहिली. "लक्ष ठेवायचं," म्हणाली, आणि चौकटींचा एक कागद दिला, मधोमध काळा ठिपका. रोज सकाळी एकेका डोळ्याने बघायचा. रेघ वाकलेली दिसली, तर त्याच दिवशी यायचं.

तिने नणंदेची माफी मागितली. वाकवलेले काने नणंदेने परत सरळ केले. उरलेली जोडाक्षरंही तिनेच काढली. ही शेजारी बसून तिच्या तळहातावर बोटाने वळण गिरवून दाखवायची. टाइप पुरा झाला, पुस्तकं छापली गेली. लोकांनी नावाजलं. तिला मात्र रात्री झोप लागेना. डोळे मिटले की कुठे काय वाकतंय हे कळत नाही, म्हणायची.

परवा सकाळी तिने कागदापुढे उभं राहून डावा डोळा झाकला. ठिपक्याच्या खालची एक रेघ किंचित झुकली होती. तिने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग शेजारचीही झुकली.

"अहो," तिने आतल्या खोलीकडे हाक मारली, आवाज न चढवता, "असाल तसे या. आत्ताच निघायचंय."