अक्कांचा एकटीचा फोटो

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की पारोळ्याच्या अक्का आठवतात. मी तेव्हा जळगावात फोटोग्राफी शिकत होतो. मोठ्या मासिकात नाव छापून यावं, एवढंच डोक्यात. सरावासाठी म्हातारे चेहरे शोधत गावोगाव हिंडायचो. अंगणात भरताची वांगी भाजणाऱ्या अक्कांना म्हटलं, "जरा भिंतीपाशी एकट्या बसा ना."

त्यांनी डोळे बारीक केले. "मना पोऱ्यासनी धाडेल शे ना तुले? एकलीना फोटो हार घालासाठेच काढतस. माले बठ्ठं माहीत शे."

त्यांच्या मुलांनी मला पाठवलेलं नाही, अशा मी शपथा घेतल्या, पण त्यांचा विश्वास बसेना. शेवटी म्हणाल्या, "तू बी बठ मनाजोडे. मंग काढ."

शेजारी जिवंत माणूस असला की त्या फोटोला कुणी हार घालत नाही, याची त्यांना खात्री होती. टायमर लावून मी चरफडत शेजारी बसलो. चांगला फोटो वाया गेला होता.

आता मी लग्नांचे फोटो काढतो. गेल्या महिन्यात अक्का गेल्या. मुलांकडे त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून मीच त्या फोटोतून स्वतःला कापलं आणि मोठा करून दिला.

हाराआडून अक्का अजून डोळे बारीक करून माझ्याकडेच बघतात.