सुधाकरची डिझेल गाडी

सुधाकर माझ्यापासून तीन रस्ते पलीकडे राहायचा, पण तो गेल्याची बातमी मला अमेरिकेतून आली. पहाटे छातीत दुखलं तेव्हा त्याने स्वतःच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, मला उठवलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही. हॉस्पिटलने त्याच्या मुलाला, निखिलला, ओहायोत कळवलं आणि निखिलने मला. "काका, बाबा गेले…" शनिवार होता, मी जाकीट चढवून सुधाकरचीच वाट पाहत होतो.

दर शनिवारी आम्ही त्याच्या डिझेल गाडीतून इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंगहून एम-फोर मोटरवेवर जायचो. डिझेल गाडी नुसती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत फिरवली तर धुराचा फिल्टर तुंबतो, तिला मोटरवेवर दामटावी लागते, असं तो म्हणायचा. बेसिंगस्टोकला इंजिन टेस्टिंगमध्ये जन्म घालवलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार? वहिनी गेल्यावर सोबतीला तो मला न्यायला लागला. मी कुरकुरत जायचो.

निखिलचा फोन गाडीतच यायचा. "बाबा, इकडे कधी येतोस?"

"तुमच्याकडे डिझेल गाडी कोण घेतं रे?" हे सुधाकरचं उत्तर ठरलेलं. मग व्याख्यान. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, डिझेल बहुतेकदा त्याहून महाग, आणि कित्येक पंपांवर ते मिळतच नाही. जुन्या डिझेल गाड्यांचा खडखडाट आणि काळा धूर लोक विसरले नाहीत. जरा कुठे विश्वास बसू लागला, तर एका कंपनीने डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीत केलेली लबाडी उघडकीला आली… निखिल हसून फोन ठेवायचा. एकदा त्यानंतर सुधाकरने गाडी डावीकडच्या सावकाश लेनमध्ये घेतली. मग म्हणाला, "पोरगा चांगलाय. पण तिथे मी दिवसभर खिडकीत बसणार. इथे निदान तू आहेस." मला फार बरं वाटलं.

अंत्यविधीला बुद्धवंदना झाल्यावर निखिलने मला बाजूला घेतलं. "काका, बाबाला आमच्याकडे यायचंच नव्हतं का? की खरंच गाडीमुळे?"

"गाडीचं निमित्त रे. तू त्याला हवा होतास. तुझ्या घरात पाहुणा होऊन राहणं नको होतं."

तो रडला. परत जाताना गाडीची किल्ली माझ्याकडे देऊन गेला.

आता शनिवारी मी एकटाच निघतो. फार एकटं वाटतं, सरळच सांगतो. परवा न्यूबरीच्या पुढे माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "पण काय रे, शेजारच्या कॅनडात तरी डिझेल गाड्या घेतात का?" एवढ्या वर्षांत हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तर पुढचं स्विंडन येईपर्यंत तो बोलायचा थांबला नसता.