पस्तीस टक्के

“आयजीए नेफ्रोपॅथी,” असं म्हणून डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. बायोप्सी म्हणजे पाठीतून सुई घालून किडनीचा शेवईएवढा तुकडा काढतात आणि तपासतात. आजाराच्या नावाचा अर्थही त्यांनीच सांगितला. शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रथिनं किडनीच्या गाळण्यांत अडकून बसतात आणि गाळण्या हळूहळू बाद होतात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल हवं होतं. फार हवं होतं.

खुणा आधीपासून होत्या. घसा धरला की लघवी चहासारखी व्हायची, एरवी फेस यायचा. उचगावात आमच्या घरी या सगळ्याला एकच नाव, उष्णता. मी सबजा प्याले, धण्याचं पाणी प्याले आणि दोन उन्हाळे घालवले. तुम्हाला असा फेस दिसला तर सबजा खुशाल प्या, पण आधी लघवी तपासून घ्या.

डॉक्टरांनी माझं वय, रक्तदाब, लघवीतून जाणारं प्रोटीन, क्रिएटिनिन असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात वाढला की किडनीचं काम अडलंय असं समजायचं.

“पाच वर्षांत किडनीचं काम निम्म्यावर येण्याची किंवा थांबण्याची शक्यता पस्तीस टक्के,” ते म्हणाले. “तुमच्यासारख्या शंभर जणांत पस्तीस. तुम्ही त्या पस्तिसात की उरलेल्यांत, ते हे मशीन सांगत नाही.”

मी दहावीला गणित शिकवते. संभाव्यतेचा धडा फासे टाकून शिकवते, मुलं हसतात. त्या दिवशी मी फक्त मुलाचं विचारलं.

“मनाई करत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण प्रोटीन रोखणारी जी गोळी आता सुरू करतोय, ती त्यासाठी बंद करावी लागेल. किडनीवर ताण येईल. क्रिएटिनिन चढलं तर परत उतरेलच असं नाही.”

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या कोडोलीच्या, मी त्यांना आत्या म्हणते. माझ्या नवऱ्यानं, अमरनं, चपला काढता काढता एवढंच सांगितलं, “पस्तीस टक्के आलेत.”

“म्हंजे पास हाय की!” आत्या म्हणाल्या. “काठावर का हुईना! ह्यो अमर बी पस्तिसावरच सुटला हुता.” त्यांनी देवापुढची साखर माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. अमर बाहेर जाऊन धुतलेली गाडी पुसत बसला.

खरा अर्थ सांगितल्यावर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला संताप आला. किडनी माझी, आणि रुसायचं यांनी! नंतर बोलल्या तेही एवढंच, “एकदा दिवस गेलं की समदं नीट हुतंय.”

पुढचं वर्ष वेटिंग रूममध्ये गेलं. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून न्यायची. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, “काय पावणं, ताक व्हय?” समोरच डायलिसिसचं दार. तिथून बाहेर येणाऱ्या बायकांच्या वयाचा मी अंदाज करत बसे. काही माझ्याच वयाच्या वाटायच्या. प्रोटीन काही उतरलं नाही. एकदा परतताना मी अमरला म्हणाले, “मूल नको.” तो म्हणाला, “बरं.”

गेल्या महिन्यात शेजारी बारसं होतं. एका पाहुणीनं आत्यांना विचारलं, “तुमच्यात कवा हलायचा पाळना?” यावर आत्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “हुतंय की.” मी ऐकायला तयार होते.

“आमच्यात न्हाय हलायचा,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “सून जगली पायजे.”

त्या एका वाक्याचे उपकार मी फेडू शकणार नाही. पण तेव्हा मी हातातल्या घुगऱ्या ठेवल्या आणि घरी येऊन मोरीत रडले. आत्या आशेवर होत्या तोवर, चोरून का होईना, मीही होते.