पक्षकाराचं काय झालं?

दत्तोपंत गेल्याची बातमी महाडच्या कोर्टात आली तेव्हा मी उलटतपासणीला उभा होतो. शिरस्तेदारांनी वाकून न्यायाधीशांच्या कानाशी काही सांगितलं, न्यायाधीशांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, बसा. दत्तोपंत गेले." साक्षीदार पिंजऱ्यात तसाच उभा राहिला. कोर्ट उठलं. सगळे वकील हातात पागोटी धरून पायऱ्या उतरले, आणि मी त्यांच्या मागून उतरताना... खोटं लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे, म्हणून लिहितो. मला पहिल्यांदा हायसं वाटलं. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. ज्या माणसानं मला हाताला धरून वकिली शिकवली, तो गेल्यावर मला सुटल्यासारखं का वाटावं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. दत्तोपंतांचे गुण गाणारे लेख येतीलच. लिहिणारे माझ्यापेक्षा बरे आहेत.

मी सनद घेऊन महाडला आलो तेव्हा मोटारी नुकत्याच गावात दिसू लागल्या होत्या. वकील आम्ही नऊ. नवा कायदा, नवे निवाडे मुंबईहून आगबोटीनं दासगावच्या बंदराला यायचे, तेही बोटी चालू असतील तर. पावसाळ्यात कधी दोन-दोन महिन्यांचे अंक एकदम येऊन पडायचे, ओलसर, पानाला पान चिकटलेले. प्रत्येकानं स्वतंत्र अंक मागवण्याची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर वाचण्याची हौसही नव्हती. सनद मिळाली की शिक्षण संपलं, असं आम्ही सगळेच समजून चाललो होतो. दत्तोपंतांनी हे मोडलं. कोर्टाच्या आवारातल्या कौलारू खोलीत त्यांनी बार असोसिएशन काढली, सगळ्यांमध्ये मिळून अंक मागवले आणि शनिवारी कोर्ट सुटल्यावर वाचन सुरू केलं. एकानं निवाडा वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, शंका काढायच्या. जो गैरहजर असेल त्याला वाचणाऱ्यानं सोमवारी गाठून सांगायचं. हा नियम त्यांचाच. "ऐकलं नाही म्हणून पक्षकार बुडता कामा नये," असं म्हणायचे.

पण खरी भीती वाचनाची नव्हती, वहीची होती. लाल कापडाच्या बांधणीची एक जाड वही त्यांनी खोलीतल्या फडताळात ठेवली होती. तिच्यात ज्याची त्यानं स्वतःची चूक लिहायची, स्वतःच उभं राहून वाचायची. दुसऱ्याची लिहायची नाही. वाचून झाल्यावर कुणी उपदेश करायचा नाही, धीर द्यायचा नाही. फक्त दत्तोपंत एक प्रश्न विचारत, दर वेळी तोच: "पक्षकाराचं काय झालं?" त्याचं उत्तर दिलं की मंडळी चहा घ्यायला मोकळी. पहिल्या दिवशी पहिली चूक त्यांनी स्वतःची लिहिली होती आणि प्रश्नही स्वतःच स्वतःला विचारला होता. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं. बाहेरगावचे वकील तर आमची चेष्टा करत, महाडचे वकील शनिवारी कान पकडून उठाबशा काढतात म्हणून. दत्तोपंत म्हणायचे, "काढतो बुवा. गुडघे चांगले राहतात."

आता माझी गोष्ट. पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला एक वाडी आहे. तिथला रावजी माझा पक्षकार. ओढ्याच्या काठचं एकच खाचर त्याचं होतं, बाकी सगळं वरकस, नाचणी-वरीचं. घरात भात शिजायचा तो त्या खाचराच्या जिवावर. त्यावर भाऊबंदांनी दावा लावला आणि खालच्या कोर्टात आम्ही हरलो. अपील करायचं ठरलं. अपिलाला मुदत असते, आणि निकालाची नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते त्या मुदतीत धरत नाहीत. आमच्याकडे वर्षानुवर्षांची वहिवाट अशी, की नक्कल हातात पडली त्या दिवसापासून पुढे मोजायचं. नक्कल तयार झाल्याची पाटी कोर्टाबाहेर लागली तरी कुणी धावत नसे. मीही धावलो नाही. पाऊस कोसळत होता, मी आठ दिवसांनी सावकाश जाऊन नक्कल आणली.

मधल्या शनिवारी मी वाचनाला गेलो नव्हतो. जवळच्या नाते गावी एका स्नेह्याकडे फणसाच्या सांदणांचं जेवण होतं. सांदणं माझा जीव की प्राण... त्या शनिवारी खोलीत जो निवाडा वाचला गेला तो नेमका ह्याच बाबतीतला होता: नक्कल तयार झाली की तिथेच मोजणी सुरू, तुम्ही ती न्या किंवा नेऊ नका. सोमवारी मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अपील दाखल केलं ते नव्या हिशेबानं तीन दिवस उशिरा. समोरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला हरकत घेतली.

मी तडक दत्तोपंतांच्या घरी गेलो. ते पडवीत पान लावत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवस माफ करून घेता येतात. तुझ्या नावानं प्रतिज्ञापत्र कर. वहिवाटीवर विसंबलो, नवा निवाडा वाचला नव्हता, चूक माझी, पक्षकाराची नाही. वकिलाची प्रामाणिक चूक कोर्ट पदरात घेतं. घेईलच असं नाही, पण घेऊ शकतं."

"माझं नाव जाईल," मी म्हणालो. "जिल्ह्याच्या कोर्टात, सगळ्यांच्या देखत... आता कुठे जम बसतोय, दत्तोपंत."

"तुझं नाव जाईल, नाहीतर त्याचं खाचर जाईल. नाव परत मिळवता येतं रे."

मी हो म्हणून उठलो आणि घरी येऊन दुसराच कागद केला. पक्षकार तापानं अंथरुणाला खिळला होता, त्यामुळे नक्कल वेळेवर नेता आली नाही, असं रावजीच्या तोंडी घातलं. रावजीनं अंगठा उठवला. काय लिहिलंय ते मी त्याला नीट वाचून दाखवलं आणि बजावलं, "कुणी विचारलंच तर ताप होता म्हण." तो म्हणाला, "व्हय, वकीलसायब." त्यांच्याकडे वकिलाला नाही म्हणायची रीत नाही.

अपिलाच्या कोर्टातले जज्जसाहेब गोरे होते, पण मराठी त्यांना आपल्याइतकं समजे. समोरच्या वकिलानं आग्रह धरला म्हणून त्यांनी रावजीला उभं केलं, शपथ दिली आणि विचारलं, तुला ताप होता काय? रावजीनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदांत डोकं घातलं. मग तो म्हणाला, "नाय सायब. मी बरा व्हतो. लावणी चालली व्हती."

अपील तिथेच संपलं. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं म्हणून जज्जसाहेबांनी त्याला खडसावलं. मला नाही, त्याला! बाहेर आल्यावर तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "माफी करा, वकीलसायब. द्येवाची शपथ घातली त्यांनी, मंग दुसरा सबूद तोंडातनं निघंना. माज्यापायी तुमची मान खाली झाली." मी काय केलं? मी म्हणालो, "जाऊ दे." मी त्याला माफ केलं! त्याच वर्षी खाचर गेलं. त्याचे दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत गेले आणि रावजी कशेडीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला, एवढं कानावर आलं. त्यापुढे मी चौकशी केली नाही.

त्यानंतर काही महिने मी शनिवार टाळले. पुन्हा जाऊ लागलो तेव्हा दत्तोपंतांनी काही विचारलं नाही. ते नेहमीसारखे शेवटी म्हणायचे, "आणखी कुणाचं काही?" आणि नजर भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरवायचे. ती माझ्यावर इतरांपेक्षा जास्त वेळ थांबत असे असं नाही. पण मला तसं वाटायचं, वर्षानुवर्षं वाटत राहिलं. मी वहीत चुका लिहिल्या नाहीत असंही नाही. माझ्या नावावर सात आहेत, कुठे स्टँप कमी लावला, कुठे सर्व्हे नंबर चुकला... सगळ्या धुतल्या तांदळासारख्या चुका. त्या वाचताना दत्तोपंत डोळे मिटून ऐकत. "पक्षकाराचं काय झालं?" असं विचारत. मी म्हणायचो, "काही नाही, निभावलं."

पौषात ते एका जागेच्या पाहणीसाठी पोलादपूरला गेले, तिथून हीव भरून आले आणि चौथ्या दिवशी गेले. दहाव्याला सावित्री नदीच्या काठी बरीच गर्दी होती. विधी आटोपून लोक पांगत असताना एक म्हातारा माझ्याकडे आला. त्याच्या हाताची नखं फुटली होती, बोटांत खडीची पांढरी धूळ होती. बोलल्यावर ओळख पटली. रावजी.

"लई मोठा माणूस गेला," तो म्हणाला. "आमच्या घरी आलं व्हतं, ठावं हाय ना तुमाला? खाचर गेलं त्या साली, भादव्यात. चिखल तुडवत वर आलं. वट्यावर बसलं, आन् माज्या बायकोला म्हनलं, बाय, यात रावजीची काय चूक नाय, चूक आमा वकिलांची. पानी प्यालं आन् गेलं. कोन येतो वो येवढं सांगायला?" मग त्यानं विचारलं, "तुमीच धाडलं व्हतं ना त्यांना? मी इचारलं तर नुस्तं हसलं."

मी म्हणालो, "हो."

एवढा एकच शब्द. त्याला बरं वाटलं. "मला ठावंच व्हतं," असं म्हणून तो नमस्कार करून वरच्या वाटेला लागला. म्हणजे इतकी वर्षं त्या वाडीत माझ्याबद्दल बरं बोललं जात होतं, तेही दत्तोपंतांच्या जिवावर. मी तिथेच धोंड्यावर बसलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये जाऊन फडताळातून वही काढली आणि त्या वर्षाची पानं उलटली. भाद्रपदातल्या एका शनिवारी दत्तोपंतांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "निवाड्याचे वाचन माझे होते. गैरहजर सभासदास सोमवारी सांगणे माझ्याकडे होते, ते राहून गेले. त्यामुळे एक अपील मुदतीबाहेर गेले. चूक माझी. पक्षकाराची जमीन गेली. घरी जाऊन सांगून आलो." माझं नाव नाही. सांदणं नाहीत, तापही नाही. आमच्यातले सर्वांत वयस्कर वकील काकासाहेब कोपऱ्यात चष्मा पुसत होते. त्यांना विचारलं, "हे त्यांनी वाचलं होतं?"

"वाचलं की. तू नव्हतास."

"मग तुम्हा सगळ्यांना..."

"अरे, नऊ वकिलांचा गाव हा," काकासाहेब म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसू लागले.

त्या शनिवारी मी त्यांच्या नोंदीखाली माझी लिहिली. सगळी लिहिली, दहाव्याचा 'हो' सुद्धा. उभा राहून वाचली. वाचून झाल्यावर मी सवयीनं थांबलो, प्रश्नाची वाट बघत. मग लक्षात आलं, विचारणारा आता नाही. आजवर दुसऱ्या कुणावर तो विचारायची पाळीच आली नव्हती. शेवटी मीच मोठ्यानं म्हणालो, "पक्षकाराचं काय झालं?" आणि त्याचं पुरतं उत्तर मला देता येईना. जमीन गेली, एवढं ठाऊक होतं. त्याची बायको आहे की नाही, मुलं परत आली का, या वयात खडी फोडून त्याला किती मिळतं... सावित्रीच्या काठी समोर उभा होता, तरी मी विचारलं नव्हतं.

ही हकीकत आता वहीत आहे, दत्तोपंतांवर निघणाऱ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापूनही येईल. चार लोक वाचतील, कुणी नावं ठेवतील, कुणी धीटपणाचं कौतुकही करतील. पण रावजीला वाचता येत नाही. उद्या रविवार आहे. कशेडीच्या पायथ्यापर्यंत मोटार मिळते, पुढचा चढ पायी आहे. पोचल्यावर आधी काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. रावजी, दत्तोपंतांना मी धाडलं नव्हतं.