न पाहिलेल्या माळाचा पंचनामा

महिन्याभरापूर्वी एका मंगळवारी मी एका कागदावर सही केली, आणि तेव्हापासून बूड म्हणून टेकत नव्हतं...

उदगीरजवळ आमचं गाव. आईला भेटून लातूरला परत निघालो होतो. फाट्यावरच्या हॉटेलात तलाठ्यांनी हाक मारली, "सर, पंच म्हणून एक सही द्या की. शिकलेला माणूस लागतो."

गावच्या गायरानाचा पंचनामा होता. तिथं कुण्या कोचिंगवाल्यांचं मोठं निवासी संकुल येणार म्हणे. जागेची पाहणी चहाच्या टेबलावरूनच उरकली... आमच्याकडं हे असंच चालतं. चहा संपायच्या आत मी सही ठोकून मोकळा.

एसटीत बसल्यावर मोबाइलमध्ये काढलेला कागदाचा फोटो वाचला. 'पंचांनी समक्ष पाहिले. जमीन ओसाड, पडीक असून कोणाच्याही वापरात नाही.'

मी नीटच्या पोरांना बायॉलॉजी शिकवतो. दुसऱ्याच दिवशी नेमका परिसंस्थांचा धडा आला. गवताळ प्रदेश सांगताना माझी जीभ अडखळायला लागली... वर्गात इतक्या येरझाऱ्या घातल्या की पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली.

रविवारची टेस्ट दुसऱ्या सरांच्या गळ्यात मारली आणि गाव गाठलं. माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी तुडवला. कित्येक वर्षांनी! गुडघाभर गवत, मोजे कुसळांनी भरलेले. पायाजवळून तितर उडाले तेव्हा मीच दचकलो, आणि टिटवीनं तर पार डोकं खाल्लं. लांबवर काळविटं चरत होती. मी फोन काढेपर्यंत पसारही झाली.

पलीकडच्या उतारावर भागामावशी शेळ्या चारत होत्या. आमच्याच गावच्या, आईच्या वयाच्या. जयभीम केला, शेजारी बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं... पंचनाम्यावर सही माझी आहे.

त्यांनी काठीच आपटली. "तू? आरं, भूकंपात तुझ्या मायनं तुला महिनाभर कुठं निजवलं? हितंच की! घराची भिताडं पडतेत बापू, माळ पडत न्हाई. आन् तू लिहून देतूस, कुनाच्या वापरात न्हाई?"

चौथीत होतो मी तेव्हा. घरात पाऊल टाकायची हिंमत नव्हती कुणाची, अख्खं गाव या माळावर ताडपत्र्या टाकून राहिलं होतं. आणि हे मी साफ विसरलो होतो. लाज वाटली... खूप लाज वाटली.

"आता काय करू मावशी?"

"मला काय इचारतूस? सही मी केली का?"

सोमवारी तहसीलला अर्ज दिला. 'मी जागा न पाहता सही केली, फेरपाहणी व्हावी.' तलाठी हादरलेच. "सर, स्वतःच्या हातानं स्वतःला खोटं ठरवताय? मी तर अडकतोच, तुमच्याही अंगाशी येईल." भीती वाटली, खोटं कशाला सांगू, पण अर्जाची पोच घेतली. पुढचे तीन आठवडे फोन वाजला की तहसीलचा तर नाही ना, ते आधी बघायचो.

परवा फेरपाहणी झाली. तहसीलमधून नवे साहेब आले, सोबत तेच तलाठी. भागामावशी पुढं, आम्ही सगळे मागं. माळ चालून व्हायला अख्खी सकाळ गेली. साहेबांनी दगडावर बसून, पँटची कुसळं काढत काढत लिहून घेतलं... 'शेळ्या-मेंढ्यांची चराई चालू आहे. काळवीट दिसले.'

लिहून झाल्यावर मी सवयीनं पेनासाठी हात पुढं केला.

साहेब शांतपणे म्हणाले, "तुमची नको सर. तुमच्या सहीवर आता भरवसा कसा ठेवायचा?" आणि त्यांनी स्टॅम्प पॅड मावशींपुढं धरलं.

मी हात मागं घेतला. गायरान राहतं की जातं, ते अजून ठरायचंय, त्यामुळं जिवाला चैन नाहीच... पण या वेळच्या कागदावर जे लिहिलंय ते खरं आहे, आणि त्याखाली मावशींचा अंगठा आहे. मावशी, तुम्ही त्या दिवशी खडसावलंत, फार उपकार झाले.